याकोबदादाला नम्र म्हणू नका

निरोप आला तेव्हा मी कूलरवाल्याशी भांडत होते. एप्रिल अर्धा सरला होता, ऊन नागपूरला शोभेल असंच पडलं होतं, आणि हा बाबा मागच्या वर्षीचा कुजका खस पुन्हा जाळीत कोंबून "बाई, नवाच आहे" म्हणून माझ्या तोंडावर सांगत होता. मी त्याला फैलावर घेतलंच होतं, तेवढ्यात फाटकाशी सायकल थांबली. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधले, याकोबदादाचे शेजारी वामनराव. उतरले, टोपी काढली आणि म्हणाले, "बाई, याकोबबाबा गेले. सकाळीच. रामदासपेठेत दवाखान्यात नेता नेता..." मी त्यांनाही त्याच सुरात विचारलं, "गेले म्हणजे? कुठे गेले?" राग एकदा तोंडाशी आला की समोर कोण आहे ते माणूस पाहत नाही. वामनराव बिचारे सायकलचं हँडल धरून नुसते उभे राहिले. कूलरवाल्याने गुपचूप तो खस बाहेर काढला आणि मला पाणी आणून दिलं.

दीडेक महिना झाला त्याला. लोक म्हणतात, दुःख हळूहळू निवळतं. दुःखाचं मला माहीत नाही, राग मात्र निवळायला तयार नाही. आणि तो मरणावर नाही. दादाची छाती गेल्या पावसाळ्यापासूनच कुरकुरत होती, डॉक्टर जिने चढू नका म्हणत होते आणि हा चढत होता. त्या मरणाशी माझं भांडण नाही. माझं भांडण एका शब्दाशी आहे. तो गेल्यावर त्यांच्या चर्चमध्ये स्मरणसभा झाली, आणि जो उठला तो तोच एक शब्द घेऊन उठला. नम्र. पंचांचे प्रमुख डेव्हिडराव, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री, आवाजात तूप... म्हणाले, "याकोबराव म्हणजे नम्रतेची मूर्ती. प्रभू येशू मनाचा लीन, तसेच आपले याकोबराव. जन्मभर शेवटच्या बाकावर बसले, कधी डोकं वर काढलं नाही." कधी डोकं वर काढलं नाही! मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. आणि ही म्हैस जिवंत असताना तिला गोठ्याबाहेर हाकलणारेच आज चरवी घेऊन बसले होते.

मी शाळामास्तरीण. उभा जन्म पोरांच्या कलकलाटावर आवाज चढवण्यात गेला, मला माइक लागत नाही. उभी राहिले आणि म्हणाले, "डेव्हिडराव, माझा दादा नम्र नव्हता. निदान तुम्ही म्हणता तसा तर नव्हताच. का नव्हता, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही सांगता की मी सांगू?" मग त्यांचे नवे पाळक, तरुण आहेत, वाईट नाहीत पण घाबरट, ते घाईघाईने उभे राहिले. "आपण सर्व डोळे मिटून प्रार्थना करू या," म्हणाले, आणि सगळ्यांनी डोळे मिटले. बोलणाऱ्याचं तोंड बंद करायची ही तऱ्हा मी पहिल्यांदाच पाहिली, की ऐकणाऱ्यानेच डोळे मिटून घ्यायचे. मार्थावहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, माझा पदर ओढून मला खाली बसवलं. तिथे राहिलं ते आता इथे सांगते. पेपर वाचताना डोळे मिटता येत नाहीत.

याकोबदादा माझा मावसभाऊ. आमच्या आज्याला दोन मुली, कन्हानजवळच्या एका खेड्यात, गावाबाहेरच्या वस्तीत. थोरली साळू, धाकटी माझी आई. एका वाईट सालात आज्याने थोरलीला मिशनच्या बोर्डिंगात नेऊन सोडलं, निदान पोटाला तरी मिळेल म्हणून. धाकटी अंगावर पीत होती, ती घरी राहिली. बोर्डिंगात साळूची सारा झाली. बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि सारामावशीने मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून राबून एकट्या याकोबला वाढवलं. इकडे माझ्या आईबापांनी छप्पन साली लाखो लोकांबरोबर दीक्षा घेतली. पांढरं लुगडं नेसून मीही त्या गर्दीत होते. म्हणजे एका चुलीवरच्या दोन बहिणी, एक ख्रिस्ताकडे गेली, एक बुद्धाकडे. निघाल्या मात्र एकाच ठिकाणाहून. ते ठिकाण कोणतं, हे नागपूरच्या माणसाला समजावून सांगायला नको.

दादा मालगाडीवर गार्ड होता. उंच, काळाभोर, मिशा राखलेल्या, आणि बोलणं असं की समोरच्याला आपली चंपी झाली हे घरी गेल्यावर कळावं. आम्ही चिडवायचो, "दादा, सारी दुनिया पुढे जायले धडपडून राहिली अन् तू नोकरीही शेवटच्या डब्यातली पाहिली गा!" तो मिशीत हसायचा. "डबा शेवटचा आहे वं वच्छे, पण माह्या झेंडीबिगर इंजन हालते का?" आणि खरंच हलत नसे. एकदा कन्हानला कोळशाच्या एका वाघिणीचं दार नीट लागलेलं नव्हतं. कंत्राटदाराचा माणूस आधी हसत आला, मग मिठाईचा डबा घेऊन आला, मग साहेबाचं नाव घेत आला. दादा आपल्या डब्याच्या पायरीवर बसून शेंगा खात राहिला. दार पक्कं झालं तेव्हा उठला, टरफलं झटकली, झेंडी दाखवली. साहेबाने नंतर फटकारलं तर म्हणाला, "साहेब, रस्त्यात माणूस दबला असता तं तुम्ही आले असते का उचलायले?" असा माणूस लीनदीन असतो का? सांगा ना.

चर्चमध्ये गेला की मात्र तो सगळ्यांच्या मागे. आणि इथूनच सगळा घोटाळा सुरू होतो. त्यांच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. येशूने मरणाच्या आदल्या रात्री आपल्या माणसांबरोबर बसून भाकर मोडली, एक प्याला सगळ्यांत फिरवला, त्याची ही आठवण. समोर मेजावर चांदीचा एकच प्याला, त्यात द्राक्षारस, आणि पुढच्या बाकापासून मंडळी ओळीने उठायची, प्रत्येकाने एक घोट घ्यायचा. आता पुढच्या बाकांवर कोण? ज्यांचे आजे-पणजे वरच्या जातींतून आले होते ती घराणी. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जुनं सगळं धुऊन निघतं म्हणे. असेल बाप्पा! बाकांचा क्रम काही धुऊन निघाला नव्हता. कोणी नियम केला नव्हता, कोणी कोणाला उठवत नव्हतं, गोड हसून "कशा आहात साराबाई?" असं विचारतही होते. पण दवाखान्याच्या आया, माळी, झाडूवाले शेवटी. सारामावशी प्यायच्या आधी सगळे पिऊन झालेले असत, आणि तिच्या तोंडचा प्याला पुढे कोणाच्या तोंडाला जात नसे. सत्तर सालाच्या मागेपुढे दादा मंडळीचा पंच झाला. पंचांची जागा पहिल्या बाकावर. हा पंचांच्या सभेत बसायचा, हिशोबावरून भांडायचा, आणि रविवारी परत मागे, मावशीच्या शेजारी. लोकांना वाटलं, काय ही नम्रता! पाळकांनी एकदा व्यासपीठावरून त्याचं उदाहरण दिलं. बघा, मोठी जागा मिळूनही हा माणूस खाली बसतो.

मला चीड यायची. माझा धर्म मला मान वर करायला शिकवतो आणि यांचा देव म्हणे गुडघ्यावर बसून दुसऱ्यांचे पाय धुतो. एका हिवाळ्यात दुपारी मी त्यांच्या क्वार्टरच्या अंगणात गेले, दादा खाटेवर ऊन खात पवित्र शास्त्र वाचत बसला होता, आणि मी सरळ तोंड सोडलं. म्हटलं, "दादा, आपल्या आज्यायनं काय कमी पाय धुतले का लोकायचे? अजून नम्र व्हा म्हणते तुझं पुस्तक? नम्र होता होता आपली पाठ वाकली, आता जमिनीत जाऊ का?" मार्थावहिनी आतून म्हणाली, "झालं वं माय सुरू!" दादाने पुस्तक मिटलं नाही. त्यात बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"तू बरोबर बोलून राहिली," म्हणाला. "फक्त चुकीच्या माणसाले बोलून राहिली." मग त्याने मला पौलाच्या पत्रातला भाग सांगितला, वाचून नाही, आपल्या बोलीत. म्हणे ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा होता. वर होता. ते वरचेपण त्यानं मुठीत धरून नाही ठेवलं. हात मोकळे केले, खाली आला, दासासारखा झाला, क्रुसावर गेला. "आता पाह्य वच्छे, खाली कोण येईन? जो वर असन तो ना? ज्याले लोकायनं आधीच खाली बसवलं त्याले कोण म्हणन, खाली ये? पौल हे कोणाले सांगून राहिला? दासायले नाही. मंडळीत जे मोठेपणासाठी भांडून राहिले होते त्यायले. खाली उतरणं वेगळं अन् खाली ठेवलेलं असणं वेगळं. आपल्याले ठेवलं होतं. त्याले नम्रता नाही म्हणत, त्याले जुलूम म्हणतात."

"मग तू काहून मागं बसतो?" मी विचारलं.

"माह्या मायजवळ बसतो," म्हणाला. "त्यात नम्रता कायची आली? तो खाली आला तं आपल्याइथंच आला ना बसायले. आपल्याले खालीच राहा म्हणायले नाही आला, सोबत करायले आला. मीही सोबतच करून राहिलो."

त्या दिवशी मी चहा न पिता उठून आले. पण ते बोलणं डोक्यात राहिलं. नंतर कुठेही, शाळेत, लग्नात, कोणी कोणाला नम्रपणा शिकवायला लागलं की मी आधी पाहायची, सांगणारा कुठे बसला आहे आणि ऐकणारा कुठे. बहुतेक वेळा सांगणाऱ्याच्या बुडाखाली खुर्ची असते.

मग ते ग्लास आले. पंचांच्या सभेत डेव्हिडरावांनी ठराव मांडला की एकाच प्याल्याने रोगराई पसरते, क्षय आहे, कावीळ आहे, तेव्हा प्रत्येकाला काचेचा वेगळा इवलासा ग्लास हवा. कावीळ! इतकी वर्षं पुढचे आधी पीत होते, मागचे नंतर. रोग कोणाचा कोणाला लागणार होता? पण त्या सुमारास मागच्या बाकांवरची शिकलेली पोरं मोठी झाली होती, नर्स झाली, क्लार्क झाली, आणि आपली आपण पुढे येऊन बसू लागली होती. एका रविवारी दवाखान्यातली एक नर्स डेव्हिडरावांच्या आधी प्यायली, आणि त्यानंतर लगेच यांना जंतू दिसायला लागले. दादाने सभेत एवढंच विचारलं, "जंतू कोणत्या रविवारी आले?" ठराव पुढच्या बैठकीवर गेला. याकोबराव नम्र आहेत, समजून घेतील, असं सगळे धरून चालले होते.

पुढच्या पहिल्या रविवारी दादाने मला निरोप पाठवला, मायले घेऊन ये. मावशी तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिची नजर पार गेलेली, तोंडात दात नाही, पण रविवार कोणता हे बरोबर माहीत. मी तिला रिक्षात घालून नेलं, शेवटच्या बाकावर बसवलं, आणि तिची काठी धरून शेजारी बसले. गाणं झालं, प्रार्थना झाली, पाळकांनी भाकर मोडली. पुढचं बाक उठायच्या बेतात होतं, तेवढ्यात दादा उठला. मावशीचा हात धरला आणि मधल्या वाटेने चालायला लागला. मावशीचं पाऊल ते केवढं, चिमणीएवढं. दादाच्या बुटांची करकर आणि तिच्या चपलेची फरफट. मी काठी घेऊन भिंतीच्या कडेने पुढे गेले, म्हटलं म्हातारी पडली तर... आणि खांबाशी उभी राहिले. म्हणून मी सगळं पाहिलं. ऐकीव नाही सांगत.

डेव्हिडराव अर्धे उठलेले तसेच थबकले. पाळक, जुने होते तेव्हा, प्याला हातात धरून कावरेबावरे. दादा म्हणाला, मोठ्याने नाही, पण शेवटपर्यंत ऐकू जाईल असं, "पाळकसाहेब, आज माय पहिली घेईन. बाकीचे मंग." मावशीने चाचपडत प्याला धरला, प्यायली, पदराने तोंड पुसलं. दादाने घोट घेतला. मग पाळकांना मध्ये येऊ न देता तोच प्याला दोन्ही हातांनी त्याने डेव्हिडरावांसमोर धरला. "घ्या," म्हणाला. "आज तुमची पाळी आहे, उतरायची." यात राग होता का? होता. मी त्याला ओळखते. पण हात असे धरले होते, जसं कोणी पाहुण्याला देतो.

डेव्हिडरावांनी प्याला घेतला. एवढ्या मंडळीसमोर नाही कसं म्हणणार? ओठांशी नेला, मान मागे केली, आणि मी डोळ्यांनी पाहिलं, ओठ मिटलेले. गळ्याची घाटी हलली नाही. तसाच प्याला त्यांनी बायकोकडे दिला. तिनेही तेच केलं. ती शिकलेली पोरं त्या दिवशी मागेच बसली होती. अख्खं पहिलं बाक, मग दुसरं, एकेक जण मान वर करून न पिता पीत गेला. प्याला परत आला तेव्हा पाळकांनी आत पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. पहिल्या बाकाला दिला होता तेवढाच होता तो, एक घोटही कमी नाही. मागच्या बाकांनी मग तो संपवला. मावशीने दादाचा हात हलवून विचारलं, "सगळ्यायनं घेतलं का रे बाबू?" दादा म्हणाला, "हो माय. सगळ्यायनं घेतलं." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच खोटं. मावशी रिक्षात घरापर्यंत गुणगुणत आली, आणि मी बाजूला बसून दात खात होते.

त्यानंतर काय व्हायचं ते झालं. पंचांनी सभा घेतली आणि दादाला पंचपदावरून काढलं. कारण काय, तर गर्व. शास्त्राचाच आधार दिला, जो स्वतःला उंच करतो तो नमवला जाईल म्हणून. बघा आता! जन्मभर खाली बसलेल्या बाईने एक दिवस आधी घोट घेतला तर तो गर्व, आणि न पिता प्यायल्याचं सोंग करणारे लीन. शास्त्र कोणाच्या हातात पडतं त्यावर असतं सगळं. पुढच्याच महिन्यात भोकं पाडलेले लाकडी ट्रे आणि काचेचे ग्लास आले. मावशी त्याच हिवाळ्यात गेली.

मी दादाकडे गेले आणि काय काय बोलले ते आता आठवलं तरी कान तापतात. म्हटलं, "सोड ते चर्च. थुंक त्यायच्यावर अन् चल आमच्याकडे."

"कुठं जाऊ वं? चर्च काय डेव्हिडरावच्या बापाचं आहे? माह्या मायनं झाडलं आहे ते."

"मग भांड ना! कागद कर, वर तक्रार कर. मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात गा. गप्प काहून बसला?"

"गप्प नाही बसलो," म्हणाला.

"मग काय करून राहिला?"

तो खाटेची सैल झालेली नवार ओढत होता. ओढत राहिला. "जे करून राहिलो ते करून राहिलो," एवढंच बोलला. मला वाटलं, हरला. हरला आणि आता नम्रतेचं पांघरूण घेऊन झोपला. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, आजपासून माझ्यापुढे तुझ्या चर्चचं नाव काढायचं नाही. आणि या माणसाने ते पाळलं. सणाला आला, दुखण्याखुपण्याला आला, मोसमात संत्र्यांची पिशवी घेऊन आला, राजकारणावर तासन्‌तास वाद घातला, निवृत्त झाला, म्हातारा झाला... चर्चचा एक शब्द नाही. पाळावं तरी किती एखाद्याने! कधीतरी मोडायचं होतंस की रे.

म्हणून स्मरणसभेनंतर मी मार्थावहिनीवरच घसरले. फाटकाबाहेर उभी करून विचारलं, "माझा पदर काहून ओढला? ते खोटं बोलून राहिले अन् तू ऐकून राहिली? हरलेल्या माणसाले नम्र म्हणून पुरून टाकलं त्यायनं!" वहिनी तशी कमी बोलते. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "हरलेला कोण म्हणे?" मी म्हटलं, मीच म्हणते. ती म्हणाली, "वच्छाबाई, पहिल्या रविवारी या. मंग बोला."

गेले. इतक्या वर्षांनी त्या दारातून प्रभुभोजनाला आत गेले. वहिनीने मला शेवटच्या बाकावर आपल्या उजव्या बाजूला बसवलं. दादाची जागा ती. चांदीचा प्याला मेजावर होता, पण नुसता शोभेला, रिकामा. ट्रे निघाले. एक ट्रे डेव्हिडरावांच्या हातात. पुढची बाकं, मधली बाकं, एकेक माणूस एकेक ग्लास उचलतो, पितो, परत भोकात ठेवतो. मग ट्रे मागच्या बाकांवर आला आणि मी पाहतच राहिले. एका म्हाताऱ्या मावशीने ग्लास उचलला, अर्धा प्यायली आणि शेजारच्या पोरीला दिला. तिने उरलेला घेतला. पुढच्या जोडीने तेच. त्यांच्या मागच्यांनी तेच. दोघांत एक, दोघांत एक, सगळी मागची बाकं. कोणी घाई करत नव्हतं, कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. आणि ट्रेमध्ये काठोकाठ भरलेले ग्लास शिल्लक राहत होते, ओळीच्या ओळी, ते घेऊन डेव्हिडरावांना पुढे सरकावं लागत होतं.

मी वहिनीच्या कानाशी लागले. "हे काय?"

"तुमच्या दादानं सुरू केलं. ग्लास आले त्याच रविवारी," ती कुजबुजली. "माय अन् तो एकातच प्यायले. पुढच्या खेपेला शेजारच्यायनं केलं. मंग साऱ्यायनं. कोणाले सांगितलं नाही, विचारलं नाही. दर महिन्याले इतके ग्लास भरून वापस जातात. पाळकसाहेब बिचारे ते मागच्या खोलीत एकटे पीत बसतात."

इतकी वर्षं. दर महिन्याला. यांनी ज्यासाठी ट्रे आणले, की कोणाचं उष्टं कोणाच्या तोंडी जाऊ नये, तेच भरलेले ट्रे दर महिन्याला यांच्याच हातांनी यांच्याच डोळ्यांसमोरून परत जात होते. आणि हा मला म्हणत होता, गप्प नाही बसलो. अरे, मग सांगायचं होतंस ना मला! एकदा माझी अट मोडून सांगायचं होतंस! मला इतका राग आला त्याचा की डोळ्यांपुढे काही दिसेना.

ट्रे आमच्यापाशी आला. शेवटचं बाक, शेवटच्या आम्ही. वहिनीने ग्लास उचलला, अर्धा प्यायली, आणि सवयीने उजवीकडे धरला. तिथे मी. तिचा हात तसाच राहिला. मग तिला कळलं. "पिऊ नका," हळूच म्हणाली, "तुमची दीक्षा आहे, मले माहीत आहे. फक्त धरा." मी धरला. केवढा तो ग्लास, अंगठ्याएवढा, तळाशी दादाचा वाटा.

समोर पाळक ट्रे झाकायचं पांढरं कापड हातात घेऊन उभे होते. सगळे ग्लास परत आल्याशिवाय झाकता येत नाही. पुढच्या बाकांवरच्या माना वळायला लागल्या. डेव्हिडराव वाकून म्हणाले, "बाई, ग्लास ठेवा." आता तेही म्हातारे, ट्रे दोन्ही हातांनी धरलेला, त्यातली काच किणकिणत होती. मी उभी राहिले. ग्लास ट्रेमध्ये ठेवला नाही, त्यांच्यासमोर धरला.

"अर्धा उरला आहे," मी म्हणाले. "घ्या."

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मागे वळून मंडळीकडे पाहिलं. आज प्रार्थना करू या म्हणायला कोणी उठलं नाही, आणि डोळे सगळ्यांचे उघडे होते. ट्रे खाली ठेवल्याशिवाय त्यांचा हात मोकळा होणार नव्हता. ते उभे राहिले. मीही उभी राहिले. मला काही घाई नव्हती.